सर, त्या जुलैच्या पानाबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमची प्रयोगांची वही माणसाकरवी परत पाठवली आहे. आभार मात्र असे परस्पर पोहोचवणं बरं वाटेना.

कोल्ड फ्यूजनचं, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या दाव्याचं, नाव काढलं की आजवर दोनच तऱ्हेची माणसं भेटली. एक म्हणायची, ‘सगळं बोगस होतं, सोडा.’ दुसरी म्हणायची, ‘सिद्ध झालं होतं, दाबून टाकलं.’ पहिल्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिसेंबर १९८९ चा अहवाल चाळलाही नव्हता. दुसऱ्यांकडे तुलनेसाठी साध्या पाण्यावर चालवलेल्या सेलचा, म्हणजे पाण्यातून वीज सोडायच्या भांड्याचा, एकही आकडा नव्हता. तुमची हयात पॅलेडियम धातू आणि जड पाणी (ज्यात हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, असतो) यांत गेली. मोठेपणा सांगायचा हक्क तुमचाच होता. तरी वही उघडलीत ती बेस्टच्या जुन्या तिकिटाची खूण घातलेल्या पानावर, आणि ते पान तुमच्या स्वतःच्या चुकीचं निघालं.

जुलैची नोंद. ट्रिटियमचा, म्हणजे फ्यूजनची खूण मानल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी हायड्रोजनचा, आकडा एकदम चढलेला. खाली तुमच्याच अक्षरात: नमुना उदासीन केला नव्हता. लिथियमचं अल्कधर्मी द्रावण सिंटिलेशन कॉकटेलमध्ये (किरणोत्सर्गाने चमकणाऱ्या मोजणीच्या द्रवात) तसंच गेलं की रासायनिक प्रकाश पडतो आणि यंत्र त्यालाही ट्रिटियम समजून मोजतं. पुढचा उपायही तिथेच होता. बाटली अंधारात ठेवून काही तासांनी पुन्हा मोजायची. प्रकाश रासायनिक असेल तर आकडा ओसरतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, ते एका रात्रीत हलत नाही. नमुना ऊर्ध्वपातन करून घेतला तर प्रश्नच उरत नाही. शिवाय जड पाण्यात मुळातच थोडं ट्रिटियम असतं, आणि अपघटनात हलका भाग आधी वायू होऊन जातो, म्हणून उरलेल्या पाण्यात ते साठत जातं. सुरुवातीच्या पाण्याचा आकडा नसेल तर शेवटच्या आकड्याला अर्थ नाही.

न विचारता आधी स्वतःची चूक पुढे करणारी माणसं फार थोडी, सर. अशा माणसाच्या उरलेल्या सगळ्या पानांवर विश्वास बसतो.

उष्णतेचा हिशेबही त्यामुळेच नीट कळला. उघड्या सेलमध्ये अर्धा अँपिअर आणि ४.५ व्होल्ट म्हणजे २.२५ वॅट आत जातात. त्यातले ०.५ गुणिले १.५४ (जड पाणी फोडण्यात जाणारे व्होल्ट), म्हणजे ०.७७ वॅट ड्युटेरियम आणि ऑक्सिजनबरोबर बाहेर पडतात. उष्णता उरते १.४८ वॅट. हे वायू सेलमध्येच पुन्हा एकत्र आले तर तेच ०.७७ वॅट ‘जादा’ म्हणून दिसतात. पडताळा सोपा: अर्ध्या अँपिअरला तासाला साधारण ०.१९ ग्रॅम जड पाणी खर्च व्हायला हवं. पाण्याची भर त्याहून कमी लागली, तर आनंद आवरायचा.

आणि मुंबईचा पावसाळा! जड पाणी हवेतली साधी वाफ ओढून घेतं. पॅलेडियमला ड्युटेरियमपेक्षा हलका हायड्रोजन जास्त मानवतो, त्यामुळे पाण्यात थोडी भेसळ झाली तरी धातूत ती जास्त भरते. वायू बाहेर जाण्याच्या नळीला तेलाचा बबलर (वायू तेलातून बाहेर सोडणारी बाटली) आणि पुढे ओल शोषणारं सिलिका जेल लावायला तुम्ही सांगितलंत. द्रावण काचेतलं सिलिकेट विरघळवून कॅथोडवर थर देतं, म्हणून टेफ्लॉनचा सेल. पॅलेडियममध्ये ड्युटेरियम किती भरलं ते त्याच्या विद्युतरोधावरून मोजताना, पॅलेडियमच्या एका अणूमागे ड्युटेरियमचे ०.७५ अणू झाले की त्या आसपास रोधाचं शिखर येतं आणि मग रोध उतरतो. एकाच वाचनाची दोन उत्तरं असतात, हे कुणीच बोललं नव्हतं.

सिलिका जेल सोमवारी बदलतो आहोत. पहिला सेल साध्या पाण्याचाच लावू.

तिकीट त्याच पानात ठेवलं आहे.

आपले,
रसायनशास्त्र शिकवणारे काही जण, मुंबई