मंत्रिमहोदय, फलकावरच्या पट्ट्या मी मोजल्या आहेत

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीचा निवृत्त वाहक. 31 वर्षं तिकिटं फाडली, त्यामुळे डोकी मोजायची खोड आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर मेमो त्या रात्री ड्युटीवर असलेल्या पोरसवदा डॉक्टरला मिळेल, वर कुणालाच नाही.

9 ऑक्टोबर 2024 ला एका कार्यक्रमात राज्यात दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली वगैरे, जागा 900. त्यांच्या आगेमागे उघडलेल्यांपैकी एक आमचं. 'आता उपचाराला कुणाला जिल्हा सोडावा लागणार नाही,' असं मांडवात सांगितलं गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

गेल्या महिन्यात पहाटे चारला आमच्या हिच्या हातातून तांब्या पडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. वीस मिनिटांत सिव्हिलला नेलं. (पाटी मेडिकल कॉलेजची आहे, पण रिक्षावाले अजून सिव्हिलच म्हणतात. त्यांना जास्त कळतं.) अपघात विभागात बॉण्डवरचा, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी नोकरी करणारा, एकच डॉक्टर, पंचविशीतला. बाकड्यांवर आणि फरशीवर मिळून पेशंट तेवीस. पोरगा गुणी. वॉर्डबॉय मामा जागेवर नव्हता तर स्वतः स्ट्रेचर ढकलत सिटी स्कॅनला नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्यानेच सांगितलं. पण द्यायचं की नाही हे ठरवणार कोण? मेडिसिनचे एक सर दुसऱ्या जिल्ह्यातल्या नव्या कॉलेजात पाठवलेले, तिथे कॉलेजच्या मान्यतेची तपासणी होती. दुसरे सर करारावरचे, करार संपलेला. पोराने तीन फोन लावले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, वरच्या दवाखान्यात न्या."

130 किलोमीटर. गाडी यायलाच तासभर. तिथे पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. गणित तुम्हीच करा.

आता ती डाव्या हाताने चहा पिते. भाकरीला 'ते' म्हणते, नातवाला 'ते' म्हणते. मला पूर्वी 'अहो' म्हणायची, आता मीही 'ते'.

कागद आणायला परत गेलो, तेव्हा जिन्यापाशी प्राध्यापकांच्या नावांचा फलक दिसला. चौदा नावं. त्यातल्या सहांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, एका पट्टीखाली आणखी एक पट्टी. शिपाई म्हणाला, निम्म्या जागा रिकाम्या आहेत. लॅबवाला म्हणाला, निम्म्याहून जास्त. खरा आकडा तुमच्या टेबलावर असेल, छापून टाका एकदा.

साहेब, कॉलेज इमारतीत नसतं हो. शेजारी उभं राहून 'हे असं धर, इथे थांब' म्हणणारा सर असतो, म्हणून पोरगं डॉक्टर होतं. अंबाजोगाई हेही तालुक्याचंच गाव, पण तिथलं कॉलेज जुनं, त्यामुळे आमच्याकडचे जुने तिन्ही डॉक्टर तिथे शिकून इथेच राहिले. आता एमबीबीएसला एक वर्षाचा बॉण्ड, नाहीतर दहा लाख भरा. त्या वर्षात त्याला शिकवायला कुणी नाही, राहायला क्वार्टर नाही, अंगावर धावून येणारे नातेवाईक मात्र भरपूर. मग तो 365 दिवस मोजतो आणि जातो. मीही गेलो असतो. दंडाच्या धाकाने माणूस थांबतो, रमत नाही.

मे 2025 पासून प्राध्यापकांची हजेरी मोबाईलवर चेहरा दाखवून घेतात म्हणे. उत्तम. जो चेहराच नेमलेला नाही तो कुठल्या मोबाईलमध्ये दिसणार? आणि नेमायचं ते करारावर, खंड देऊन, जणू ऊसतोडीची टोळी. आमच्या महामंडळात रोजंदारीवरच्या ड्रायव्हरलासुद्धा कधीतरी कायम व्हायची आशा असायची.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. त्यावर इलाज काय, तर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास धुवायला लावला. तेही प्रभारी अधिष्ठाते! कायम माणूस नेमायचा नाही आणि प्रभारीच्या हातात झाडू द्यायचा. वर ज्यांनी भरती अडवून धरली, त्यांच्या हातात कधी कुणी झाडू दिला का?

आणि खरं सांगा, सरकारी कॉलेज धड चाललं तर शिक्षणसम्राटांच्या कॉलेजात लाखो रुपये ओतायला कोण जाईल? तुमच्यापैकी कितीजण आजारी पडल्यावर सिव्हिलच्या रांगेत केसपेपर काढतात? रागात लिहितोय, माफ करा. खरं म्हणजे करू नका.

मागणं छोटं आहे. त्या सहा पट्ट्यांखाली कायम नोकरीतली सहा माणसं द्या. तपासणीसाठी माणसं या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरवू नका. आणि त्या पोराचा बॉण्ड संपायच्या आत त्याला एक सर मिळू द्या.

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग केले आहे' हे मला दोनदा आलंय, दोन्ही वेळा नाव चुकवून.

आपला,
एक निवृत्त वाहक