तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही चिडणार हे धरूनच लिहितोय. तुमच्या घशाच्या ऑपरेशनसाठी पुढच्या गुरुवारची तारीख घेतली. नागपुरातच. पुण्याला आणत नाही. दोन रात्री दवाखान्यात, मग तुमची खाट, तुमचा पंखा, तुमचा रेडिओ.

पोळ्याला आलो तेव्हा सकाळी तुमच्या उशीवर बीपीची गोळी दिसली, अर्धी विरघळलेली. रात्री आठला घेतलेली! तेव्हा काही बोललो नाही. नंतर बेरियमच्या फोटोत, म्हणजे ते पांढरं औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत, घशाच्या तळाशी, अन्ननळीच्या तोंडाजवळ फुगलेली पिशवी दिसली. गिळताना जो स्नायू सैल पडायला हवा, तो पडत नाही. म्हणून त्याच्या वरचं अस्तर मागे फुगतं. तिथं साचलेलं रात्री वर येतं, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. तुमचा खोकला धुळीचा नाही, बाबा.

तोंडातून करायच्या ऑपरेशनात पिशवी काढत नाहीत. तिच्या आणि अन्ननळीच्या मधली भिंत कापतात, तो स्नायू तिथंच असतो. स्टेपलर १९९३ पासूनचा, कापतो आणि लगेच टाचतो. पण त्याला कडक नळी लागते, मान मागे वाकवावी लागते. तुमची मान तर स्कूटरवर मागं वळून पाहायलाही तयार नसते. शिवाय त्याच्या टोकाशी थोडी भिंत उरतेच. लेझरनं खालपर्यंत कापता येतं, पण नळी तीच. म्हणून लवचीक दुर्बीण ठरवली: अस्तराखाली बोगदा करून स्नायू तळापर्यंत कापायचा आणि बोगद्याचं तोंड क्लिपांनी बंद करायचं. ही पद्धत २०१६ ची, लांबचा अनुभव कमी, हे लपवत नाही. छिद्र पडून गळती होण्याचा धोका तिन्हींत आहे, म्हणूनच त्या दोन रात्री. मी खुर्चीवर झोपेन.

तान्हा पोळ्याला माझ्या लाकडी बैलाचं चाक निघालं होतं, आठवतं? एका खांद्यावर मी, काखेत बैल, असे घरोघर फिरलात. तेव्हा मला विचारलं नव्हतंत, उचललंच होतंत.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद, शेजारच्या काकांच्या सल्ल्यानं नाही. आदल्या दिवशी फक्त पातळ, पिशवी रिकामी लागते. आई, तू लपवून तर्री-पोहे देऊ नकोस, मला कळतं. नंतरही काही दिवस वरणाचं पाणी आणि ताकच.

मंगळवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. बुधवारी सकाळी फाटकाला कुलूप लावून ठेवू नका.

तुमचा,
बंड्या