अमेरिकन साहित्य झेरॉक्सवर शिकवू नका

महोदय,

माझी भाची इंग्रजी घेऊन बी. ए. करते. यंदा तिला आधुनिक अमेरिकन साहित्याचा पेपर आहे. परवा ती अभ्यासाला माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत पुस्तक एकही नव्हते, झेरॉक्सचे वीसेक कागद होते. टोनी मॉरिसनविषयी त्यांत एवढेच, की १९९३चे नोबेल मिळाले. सान्द्रा सिस्नेरोस यांच्या 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट'वर दहा ओळी: साल १९८४, शिकागोतली मेक्सिकन वंशाची मुलगी, विषय 'अस्मितेचा शोध'. वर्गातही यापलीकडे काही झाले नाही म्हणाली.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. इंग्रजी बेताचेच. तरी ते पुस्तक मागवले आणि आम्ही दोघींनी मोठ्याने वाचले. लहान लहान ४४ प्रकरणे, काही पानभराचीच. एकात ती मुलगी स्वतःच्या नावाबद्दल सांगते. एस्पेरान्सा. इंग्रजीत त्याचा अर्थ आशा. स्पॅनिशमध्ये मात्र तिला त्यात दुःख आणि वाट पाहणे ऐकू येते. भाचीने विचारले, 'मावशी, आशेत वाट पाहणं कुठून आलं?' मला वडील आठवले. ते गोवामुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. जेवायला बसताना आम्ही घाई केली की म्हणायचे, 'एस्पेरा!' म्हणजे थांब. आशा धरणे आणि वाट पाहणे, दोन्हींना पोर्तुगीजमध्ये एकच क्रियापद आहे, स्पॅनिशमध्येही तेच. भाची कितीतरी वेळ तो शब्द पुटपुटत होती.

एस्पेरान्सा हे नाव पुस्तकातल्या त्या मुलीच्या पणजीचे. पणजोबांनी त्या बाईच्या डोक्यावर गोणपाट टाकून तिला उचलून नेले आणि ती जन्मभर खिडकीतून बाहेर बघत बसली. एस्पेरान्साला पणजीचे नाव मिळाले आहे, तिची खिडकीतली जागा तिला नको आहे. इथे मला पुढे वाचवेना. माझ्या आईचे नाव लग्नात तांदळात अंगठीने लिहून बदलले. माहेरचे नाव उरले ते फक्त मामाच्या तोंडी. भाचीला आजीचे ते नाव त्या दिवशी प्रथम कळले.

याच पेपरात लेस्ली मार्मन सिल्को यांची 'सेरेमनी' (१९७७) आहे. युद्धावरून मोडून परतलेला आदिवासी तरुण, आणि गद्यात मध्येमध्ये लगूना पुएब्लो या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांच्या जुन्या कथा, कवितेसारख्या ओळींत. परीक्षेला येत नाहीत म्हणून त्या ओळी सोडा, असे मुलांना सांगितले गेले. याचे मला फार वाईट वाटले. आजाराशी आणि मरणाशी लढायला आपल्याजवळ या कथाच आहेत, हे त्याच ओळींत सांगितले आहे. पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागी, धालोची लोकगीते गाणाऱ्या बायकांच्या लेकी-नाती त्याच वर्गात बसतात. त्यांना ते समजावून सांगायला गाईड लागणार नाही.

अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार नाही, यादी उत्तमच आहे. पण दहा लेखक ठेवून दहा परिच्छेद पाठ करून घेण्यापेक्षा तीनच ठेवा आणि पुस्तके वर्गात पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचा. ग्रंथालयात प्रत्येकाच्या पाच-दहा प्रती आणा. अंतर्गत गुणांतले काही गुण घरच्या आजी-आजोबांशी बोलून लिहिलेल्या टिपणाला द्या. पोर्तुगीज जाणणारे ऐंशीच्या घरातले कितीतरी जण अजून गावोगाव आहेत. एखाद्या तासाला बोलावले तर आनंदाने येतील.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, फोंडा