शेकोटीत चप्पल जळते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले आठ-दहा दिवस पहाटे साडेपाचला मी दूध आणायला निघते, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या चौकात शेकोटीभोवती पाच-सहा माणसं उकिडवी बसलेली असतात. आमचा वॉचमन, झाडूकामाच्या दोघी बायका, रात्रपाळीचा रिक्षावाला आणि घरोघर पेपर टाकणारी पोरं. त्यातल्या एकाच्या लोकरी हातमोज्याची दोन बोटं टोकाला कापलेली आहेत. पुरवण्या भरायच्या तर कागद बोटाला लागायला हवा, म्हणाला. दहा-बारा अंक भरून झाले की ती उघडी बोटं तो जाळावर धरतो आणि पुन्हा गठ्ठ्याकडे वळतो.

परवा त्या जाळात तुटकी रबरी चप्पल होती, थर्माकोल होतं, वेफर्सची पाकिटं होती, वर दवानं ओला झालेला पालापाचोळा. मला असा ठसका लागला की मी तिथंच रागावले. तर झाडू मांडीवर आडवा ठेवून बसलेली बाई म्हणाली, "मावशी, लाकडं कुठून आणू? बोटं आखडली की झाडू धरवत नाही." मला उत्तर सुचलं नाही. दूध घेतलं, गिरणीत दळण टाकलं, भाजीवालीकडून मेथीची जुडी घेतली, पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना.

आपल्या जिल्ह्याला थंडी नवी नाही. निफाडला पारा नाशिकपेक्षाही खाली उतरतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून द्राक्ष बागायतदार पहाटे ठिबकनं विहिरीचं पाणी सोडतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे गार, जड हवा जमिनीलगत बसून राहते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं, त्यामुळे शेकोट्यांची ऊब आणि धूर बागेवरच रेंगाळतात. द्राक्षाला त्या उबेचा उपयोग होतो. चौकात मात्र प्लास्टिकचा विषारी धूर तसाच साचून राहतो. आधी तो शेकणाऱ्यांच्या छातीत जातो आणि मग शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभ्या असलेल्या लेकरांच्या.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर बंदी घातली आहे, ५,००० रुपयांपासून दंडही आहे. हा नियम मला हवाच आहे. पण जिला पावसाळ्यात रेनकोट मिळतो आणि थंडीत साधं स्वेटरही मिळत नाही, तिच्या नावाने पावती फाडून काय होणार? झाडूकामाची, कचरा उचलण्याची कामं जे ठेक्याने देतात, त्यांनी दिवाळीच्या आत स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे देण्याची अट करारातच घालावी. हे मागायला लागावं याचंच मला वाईट वाटतं.

तोवर आपल्या हातात असलेलं तरी करूया. आमच्या सोसायटीत छाटलेल्या गुलमोहराच्या फांद्या कंपाउंडच्या भिंतीशी मे महिन्यापासून पडून होत्या, आता खडखडीत वाळल्या आहेत. रविवारी आम्ही तिघींनी त्यांचे हातभर तुकडे करून वॉचमनच्या केबिनमागे रचले. लाकडाचा धूरही चांगला नाही, हे मला कळतं. पण सुकं लाकूड कमी धुमसतं, आणि चप्पल जाळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शेजारच्या इमारतीतून रोज थर्मासभर चहा खाली येऊ लागला आहे.

एक गोष्ट मात्र आपापल्या वॉचमनला आजच सांगा: कोळशाची शेगडी केबिनमध्ये घेऊन, दार लावून कधीही झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. आपला अंक माझ्या दारात सहाच्या आत पडतो, तो त्या दोन उघड्या बोटांमुळे. ही पोरं उघड्या फुटपाथवर, दवात पोतं अंथरून पुरवण्या भरतात. निदान जानेवारी संपेपर्यंत त्यांना बसायला आडोशाची जागा मिळेल, असं आपल्या वितरण विभागाने पाहावं.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक,
पंचवटी, नाशिक