‘टी-सेल लिम्फोमा’ एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी जाऊन आलो. तिथल्या तरुण मुलाला टी-सेल लिम्फोमा, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, निघालाय. कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितलं की शंभरातले बत्तीसच पाच वर्षं काढतात, आणि केमोची तारीख मिळायच्या आधीच घर खचलं. तीन वर्षांपूर्वी हाच आकडा आमच्या घरात शिरला होता, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या बेळगावात उद्यमबागेत कामाला. वय सव्वीस. मानेला गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घामानं बनियन भिजायची. सुईनं पाणी काढून तपासलं, नक्की काही कळलं नाही, तरी टीबी धरून चार महिने गोळ्या चालल्या. मध्ये एका ठिकाणी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. गाठ बसली, आम्ही देवाला नारळ फोडला. महिन्याभरात ती दुप्पट होऊन वर आली. स्टेरॉइडनं लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि नंतरच्या तपासणीत खरं रूप सापडणं अवघड होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

शेवटी अख्खी गाठ काढून तपासायला दिली. रिपोर्टवर एवढंच होतं : टी-सेल लिम्फोमा. समजावून सांगणारे डॉक्टर चांगले होते, पण ते कन्नडमधून बोलत होते आणि वहिनींचं कन्नड बाजारापुरतं. त्यांना ‘केमो’ तेवढं कळलं. दादा म्हणाले, ‘कशाला पोराचे हाल करायचे?’

तो बत्तीसचा आकडा खोटा नाही, पण तो एका प्रकाराचा आहे. २००८ साली १३१४ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या टी-सेल लिम्फोमाला वेगळं नाव देता येत नाही, त्या गटात पाच वर्षं जगणारे ३२ टक्के होते. त्याच अभ्यासात अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल प्रकारात ‘एएलके’ (गाठीच्या पेशींत तपासलं जाणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह असलेले ७० टक्के, निगेटिव्ह असलेले ४९ टक्के. यकृत-प्लीहेतला प्रकार मात्र फार वाईट, अवघे ७ टक्के. नाव एकच, पण ७ आणि ७० इतकं अंतर! शिवाय ते रुग्ण १९९० ते २००२ या काळातले. त्यानंतर औषधं बदलली आहेत. ‘सीडी-३०’ ही खूण असलेल्या गाठींवर ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध केमोसोबत देऊन पाहिलं, तेव्हा पाच वर्षांनी ७० टक्के रुग्ण हयात होते, नेहमीच्या ‘चॉप’ केमोवर ६१ टक्के. औषध महाग आहे आणि सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही, हेही खरं. आणि त्वचेवरच सुरू होणारा मायकोसिस फंगॉइड्स, जो वर्षानुवर्षं नायटा म्हणून मलमांवर काढला जातो, तो लवकर ओळखला तर बहुतेक जण जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात.

आमच्याकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘ब्लॉक कुठाय?’ गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. काडेपेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या चौकटीत, कडेला पेन्सिलीनं नंबर. मी अर्ज करून तो आणि काचेच्या पट्ट्या घेतल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि मुंबईला निघालो. एप्रिल होता. मेण वितळेल या भीतीनं डबा खिडकीपासून लांब, मांडीवरच धरून बसलो होतो. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : अ‍ॅनाप्लास्टिक, एएलके पॉझिटिव्ह. तो कागद मी वहिनींना मराठीत तीनदा वाचून दाखवला. केमोच्या सहा फेऱ्या झाल्या. पोरगा आज कामावर जातो, तपासणीला वेळेवर हजर असतो.

सगळ्यांचं असं होत नाही. शेजारच्या खाटेवर अथणीकडच्या एक मावशी होत्या. त्यांचा प्रकार वेगळा होता, पहिल्या उपचारानंतर आजार उलटला आणि चार महिन्यांत त्या गेल्या. या आजारात तो उलटला की बहुतेकांच्या हातात महिनेच उरतात. म्हणून पहिल्याच खेपेला नेमका प्रकार कळणं इतकं महत्त्वाचं आहे.

माझी मागणी साधी आहे. सुईच्या तपासणीत उत्तर मिळालं नाही तर गाठ काढून तपासा, आणि ती निघेपर्यंत स्टेरॉइड देऊ नका. रिपोर्टवर उपप्रकार आणि सीडी-३०, एएलके यांचे निकाल ठळक लिहा. ती तपासणी इथं होत नसेल तर ब्लॉक मागितल्याबरोबर मिळावा, आम्हाला त्यासाठी तीन चकरा झाल्या. आणि सीमाभागातल्या दवाखान्यांत कॅन्सरची माहिती देणारा कागद कन्नडच्या जोडीला मराठीतही असावा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांना आपल्या पोराला काय झालंय हे दुसऱ्याला विचारून कळून घ्यावं लागतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या ओळखीच्या मुलाचा ब्लॉक आम्ही सोमवारी आणायला जाणार आहोत.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका