सूचना : मुलांच्या उपचारांची फाइल वेळीच मागून घ्या

इंदूरमधील सर्व पालक सभासदांना नमस्कार.

माझ्या लेकाच्या स्पीच थेरपीच्या नोंदी मागितल्या, तर चार वेळा एकच उत्तर : ‘मॅडम सुटीवर आहेत.’ शेवटी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पाचव्या दिवशी झेरॉक्स हातात!

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागितल्यास डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मात्र भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षेच जपण्याचं बंधन आहे, म्हणून ‘बघू पुढे’ नको. हा नियम डॉक्टरांसाठी आहे, म्हणून थेरपिस्टकडून दर तीन महिन्यांनी सहीचा प्रगती अहवाल मागतच राहा. सरकारी दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

मूल १८ चं झालं की प्रश्न बदलतो : ते कायद्याने सज्ञान होतं, त्याच्या वतीने कागद मागण्याचा आपला हक्क आपोआप उरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं.

अर्जाचा मराठी-हिंदी नमुना रविवारच्या बैठकीत मिळेल. (पोहे आहेतच, पण तेलकट हात फाइलीला नको!) मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रतीच द्या.

– सचिव, पालक गट