किरणोपचारांसाठी इंदूरला राहावे लागणाऱ्या कर्करुग्णांसाठी आवाहन

इंदूर आणि परिसरातील सर्व मराठी बंधुभगिनींना सस्नेह नमस्कार.

तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत (संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठींपर्यंत, इंग्रजीत लिम्फ नोड) पोहोचलेले रुग्ण बऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, धार अशा भागांतून उपचारांसाठी इंदूरला येतात. त्यांतील मराठी कुटुंबे आमच्या मंडळाकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न औषधांचा नसतो, राहायचे कुठे हा असतो. त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावे, यासाठी हे आवाहन करीत आहोत.

गाठ मानेत उतरली म्हणजे सारे संपले, असा समज अजूनही घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. ग्रंथी बाधित झाल्याने आजार गंभीर होतो हे खरे. परंतु तो फुप्फुसांसारख्या दूरच्या अवयवांत गेलेला नसेल, तर बहुतेक वेळा रुग्णाला बरे करण्याच्या हेतूनेच उपचार केले जातात. तोंडाच्या कर्करोगात मूळ गाठीबरोबर मानेतील ग्रंथीही शस्त्रक्रियेने काढतात आणि त्यानंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत किरणोपचार, म्हणजे ज्याला इथे सगळे ‘सेक’ म्हणतात ते, सुरू व्हावे लागतात. ग्रंथीचे आवरण भेदून आजार बाहेर आलेला असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध शिरेतून दिले जाते.

हे किरण आठवड्यातून ५ दिवस, सुमारे ६ ते ७ आठवडे घ्यावे लागतात. रोजचे काम काही मिनिटांचेच असते, पण त्यात खंड पडला तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ चिकट होते, चव जाते, घास गिळवत नाही. काहींना नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. नेमक्या याच दिवसांत घरचे पैसे संपत येतात. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि तो फार मोठा आधार आहे. तथापि खोलीचे भाडे, रोजची रिक्षा आणि सोबत्याची बुडालेली मजुरी त्यातून भागत नाही. एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसलेल्या माणसाने केवळ भाड्यापायी निम्म्यावर उपचार सोडून गावी परतावे, हे आम्हाला पाहवत नाही.

म्हणून आपल्यापैकी कोणी एका रुग्णाच्या आणि त्याच्या सोबत्याच्या एका आठवड्याच्या निवासाची जबाबदारी घ्यावी, कोणी सर्व आठवड्यांची घ्यावी. ज्यांच्या घरी तळमजल्यावरची स्वतंत्र खोली रिकामी आहे, त्यांनी ती ७ आठवडे दिली तर ती पैशांहून मोलाची ठरेल. आसपास राहणाऱ्या भगिनींनी मुगाचे कढण, मऊ भाताची पेज किंवा नाचणीची खीर, तिखट व आंबट न घालता, गाळून पाठवता आली तर अवश्य कळवावे. मानेतील ग्रंथी काढल्यानंतर अनेकांचा खांदा आखडतो. त्याचा व्यायाम शिकवू शकणाऱ्या फिजिओथेरपिस्टचीही आम्हाला गरज आहे.

देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी आणि कार्यालयातून पावती घ्यावी. ही रक्कम रुग्णाच्या हाती रोख न देता खोलीमालक आणि रिक्षाचालक यांना परस्पर दिली जाईल. मदत हवी असलेल्या कुटुंबांनी डॉक्टरांचे पत्र आणि किरणोपचारांचे वेळापत्रक घेऊन यावे. शक्यतो शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाच यावे, म्हणजे पहिल्या किरणाच्या दिवसाआधी खोली तयार ठेवता येईल.

आपले विनीत,
मंडळाचे कार्यकारी सदस्य, इंदूर